शेततळ्याच्या कागदाला शिक्का, चहाच्या पिशवीला काय?



ज्यांनी शेततळ्याच्या अस्तराचं अनुदान घेतलं त्यांना ठाऊक आहे. कागद 500 मायक्रॉनचा पाहिजे, त्यावर आय.एस.आय.चा शिक्का पाहिजे, बिल पाहिजे, फोटो पाहिजे. मोसंबीच्या पाण्याखाली कोणतं प्लॅस्टिक आहे याची सरकारला केवढी काळजी! आणि त्याच मोसंबीच्या तोडीला, कापसाच्या वेचणीला, पाचोडहून उकळता चहा पातळ कॅरीबॅगेत दोरा बांधून येतो. तो सहा महिन्यांची गरोदर बाईही पिते. त्या पिशवीवर कोणता शिक्का असतो?

प्लॅस्टिक मऊ करायला थॅलेट जातीची रसायनं घालतात. ती प्लॅस्टिकला पक्की चिकटलेली नसतात; उष्णतेनं आणि तेला-तुपानं सुटतात. काही कडक पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये बिस्फेनॉल असतं. तेही आईच्या रक्तातून वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. भंगार वितळवून केलेल्या पिशवीत आधी काय होतं, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

2022 मध्ये अमेरिकेतल्या 16 अभ्यासांतील सहा हजारांवर गरोदर बायांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. ज्यांच्या लघवीत काही थॅलेटांचे अंश जास्त, त्यांची बाळंतपणं दिवस भरण्याआधी होण्याचं प्रमाण 12 ते 16 टक्के जास्त निघालं. पुढं मुलाच्या उंची-वजनाचं काय होतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. मुलगे आणि मुली यांतही फरक दिसतो. पण पोटातले नऊ महिने किती महाग पडतात हे आपल्याच महाराष्ट्रानं दाखवलंय. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के.ई.एम.च्या डॉ. याज्ञिकांनी 1993 पासून आया आणि लेकरं पाहिली. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, हाडकुळी, तरी अंगात चरबी. ते दुखणं आहाराचं होतं.

इथं कुणी शहाणा म्हणेल, आधी बायांना पोटभर खाऊ घाला, मग प्लॅस्टिकचं बोला. अहो, बाई एकच आहे! अंगात रक्त कमी, वेचणी चुकत नाही, आणि वरून हा चहा. पाचोडच्याच आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं पोरींचा रक्तक्षय आणि लवकर लग्न यांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या कामाच्या शेजारी हा प्रश्न मांडायला अडचण कसली?

युरोपनं 2011 मध्ये बाळाच्या बाटलीतून बिस्फेनॉल-ए काढलं. 2023 मध्ये तिथल्या तज्ज्ञांनी त्याची सुरक्षित मात्रा वीस हजार पटींनी खाली आणली, आणि 2024 च्या डिसेंबरात अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत ते वापरायला बंदी केली. आपल्याकडे 2015 च्या मानकात दूध पाजायच्या बाटलीपुरतं पॉलिकार्बोनेट बंद झालं. म्हणजे बाळ जन्मल्यावर बाटली तपासायची, पोटात असताना आईचा चहा तपासायचा नाही!

23 मार्च 2018 ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली. पहिला दंड पाच हजार. पावती फाटली ती भाजीवालीची. बंदी झाली ती गटारं तुंबतात म्हणून, गर्भासाठी नव्हे.

या बैठकीत ठराव घ्या. गरम अन्नाच्या प्रत्येक पिशवी-डब्यावर कशापासून बनवलं ते मराठीत छापलं पाहिजे, आणि गरोदर बायांच्या लघवीची तपासणी पैठण तालुक्यातून सुरू झाली पाहिजे. तोवर वेचणीला चहा स्टीलच्या किटलीतून न्या. किटली मालकानं द्यायची, मजुरीतून कापायची नाही.