तेलबियांच्या वऱ्हाडात भूमिहीन वस्तीचा हिशेब कोण मांडणार?

सोयाबीनचा हंगाम आला की वऱ्हाडात हमीभाव, आयात शुल्क आणि तेलाच्या दरांची चर्चा सुरू होते. ती व्हायलाच हवी. अकोला-अमरावतीच्या काळ्या जमिनीतले सोयाबीन आणि सरकी यांवरच इथला तेलाचा धंदा उभा आहे. पण गावकुसालगतचा बौद्धपुरा या चर्चेत कुठेच नसतो. निंदण आणि सोंगणी करणाऱ्या तिथल्या अनेक कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही.

आधी धोरण पाहू. देशाच्या गरजेपैकी सुमारे ५७ टक्के खाद्यतेल बाहेरून येते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावले आणि ३० मे २०२५ रोजी ते १० टक्क्यांवर आणले. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण ऐन हंगामात बाजारातला भाव त्याच्या खालीच राहिला.

भूमिहीन वस्तीला याची झळ दोन्ही बाजूंनी बसते. शुल्क वाढले की किराणा दुकानातली तेलाची पिशवी महागते. भाव पडले की शेतकरी खर्चाला कात्री लावतो आणि ती आधी मजुरीवर चालते. निंदणाच्या जागी तणनाशक येते, सोंगणीच्या गुत्त्याच्या जागी हार्वेस्टर. तणनाशकाने सर्वात जास्त रोज बुडाला तो बायांचा, कारण निंदण त्यांच्याच हातचे काम. खारपाणपट्ट्यात ओलिताची सोय अपुरी, त्यामुळे रब्बीत हे काम भरून निघत नाही. मग शहराची किंवा वीटभट्टीची वाट धरावी लागते.

अतिवृष्टीतही हाच न्याय. पिकाची नुकसानभरपाई क्षेत्रावर ठरते. शेतात पाणी साचून ज्याची सोंगणी बुडाली, त्या मजुराचा पंचनामा कोण करतो?

शेतकरी आणि मजूर यांना आमनेसामने उभे करण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या समाजातले अल्पभूधारकही पडलेल्या भावाने पिचले आहेत. प्रश्न जमिनीच्या मालकीचा आहे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘राज्य आणि अल्पसंख्याक’मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातपात न पाहता कसायला द्यावी, अशी मांडणी केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्यांच्याच नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला तीत चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन मिळते, आणि २०१८ पासून शंभर टक्के अनुदानावर. योजना चांगली, पण ठरलेल्या दरात जमीन विकायला मालक पुढे येत नाहीत. अर्ज पडून राहतात.

आमच्या मागण्या तीन. या योजनेचे दर प्रत्यक्ष बाजारभावाशी जोडा. अतिवृष्टीच्या मदतीत शेतमजुरांच्या बुडालेल्या दिवसांची नोंद घ्या. तिसरी, केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या १०,१०३ कोटींच्या तेलबिया अभियानात भूमिहीन महिलांच्या गटांना तेलघाण्यासाठी वाटा द्या. सरकीपासून पेंडीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा भाव ठरतो. मजुरीचा हिशेब मात्र ग्रामसभेत आपणच मांडायचा आहे, आणि येत्या ग्रामसभेपासूनच.