ओरखडे आणि ओलावा

फोटो जपावेत आणि निगेटिव्ह स्टुडिओच्या पाकिटात विसरून जाव्यात, ही बहुतेक घरांची रीत. आमच्याकडे उलटे घडले. १९५९ साली मामांनी बॉक्स कॅमेऱ्याने आमच्या थोरल्या भावाचा एक फोटो काढला. पुढच्या पावसाळ्यात विषमज्वराने तो गेला. वय अवघे चार. फोटोची एकुलती प्रत कोणा आप्ताने मागून नेली ती परतली नाही. उरली निगेटिव्ह. दर दिवाळीच्या आवराआवरीत आई ती काढी, उजेडासमोर धरी आणि पदराने हळुवार पुसून पुन्हा ठेवून देई.

आईच्या पश्चात आम्ही ती स्कॅनरवर ठेवली, तेव्हा त्या पुसण्याची किंमत कळली. भावाच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघांचे जाळे! शिवाय फिल्म काचेला जिथे टेकली, तिथे न्यूटनची वलये. धूळ व ओरखडे टिपणारी अवरक्त किरणांची सोय काही स्कॅनरांत असते. पण कृष्णधवल फिल्ममधील चांदी हे किरणही अडवते, त्यामुळे तिचा इथे उपयोग नाही. म्हणून ओल्या स्कॅनिंगची वाट धरली.

तत्त्व सोपे आहे. नर्मदेतला गोटा पाण्यात असता रंगीत दिसतो आणि वाळला की राखाडी होतो. कारण कोरड्या, खरबरीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. फिल्मवरच्या ओरखड्यांत हवा असते. हवेचा अपवर्तनांक १, तर अ‍ॅसिटेट फिल्मचा सुमारे १.४८. या तफावतीमुळे ओरखड्याच्या कडेशी प्रकाश भरकटतो. फिल्मशी जुळत्या अपवर्तनांकाचा द्रव त्या खाचेत भरला, की प्रकाश सरळ जातो आणि ओरखडा दिसेनासा होतो. फिल्म सपाट बसते, वलयेही जातात.

हा द्रव म्हणजे पाणी नव्हे. पाण्याने जिलेटिन फुगते. यासाठी नॅफ्थाच्या जातीचे, लवकर उडून जाणारे खास द्रव मिळतात. ते ज्वालाग्राही असतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळपास देवघरातील निरांजनही तेवत नसावे.

द्रव स्कॅनरच्या काचेवर कधीही ओतू नये. तो आत झिरपतो. वेगळी स्वच्छ काच घ्यावी. तिच्यावर थोडा द्रव सोडून निगेटिव्हची जिलेटिनची, म्हणजे मंद दिसणारी बाजू खाली ठेवावी. वर पुन्हा काही थेंब टाकून पॉलिएस्टरचा पातळ पारदर्शक पापुद्रा पसरावा. मऊ रोलरने मधून कडांकडे बुडबुडे काढावेत व कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. काचेखाली कागदाच्या घड्या ठेवून उंची बदलत पाहावी. चित्र सर्वांत रेखीव दिसेल ती उंची कायम करावी. उलटे आलेले चित्र संगणकावर सुलटे करता येते. काम झाल्यावर पापुद्रा अलगद काढून निगेटिव्ह धूळ नसलेल्या जागी वाळू द्यावी.

एक सावधगिरी मात्र हवीच. जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करीत. द्रवाने ती कारागिरी धुऊन जाण्याचा संभव असतो. तेव्हा आधी कोरडे स्कॅनिंग करून ठेवावे आणि मग एखाद्या कमी महत्त्वाच्या तुकड्यावर प्रयोग करावा. ज्या फिल्मला आंबूस वास येतो, तिला तर जाणत्याच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये.

आमच्या निगेटिव्हवरचे पांढरे जाळे गेले. भावाचे डोळे, कपाळावरची तीट, सदऱ्याचे सुटलेले बटण, सारे प्रथमच दिसले. एक काळी रेघ तेवढी हनुवटीवर राहिली. ती जिलेटिनच्या बाजूची होती. तिथे चांदीच खरवडली गेली होती, आणि गेलेली चांदी कोणताही द्रव परत आणीत नाही. संगणकावर ती रेघ पुसता आली असती. आम्ही ती तशीच ठेवली.

वाळल्यावर निगेटिव्ह पुन्हा उजेडासमोर धरली. ओरखडे सारे जागच्या जागी होते. द्रवाने ते घटकाभर झाकले होते, मिटवले नव्हते. आईच्या पदराची ती खूण मिटावी, असे आम्हांलाही वाटले नाही.