म्यानमारमधील भूसुरुंग: स्फोटानंतर जखमी माणसाचे काय होते?

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आणि देशात यादवी युद्ध पेटले. लष्कर आणि त्याच्याविरुद्ध लढणारे गट, दोघेही भूसुरुंग पेरत आहेत. ‘लँडमाइन मॉनिटर’ अहवालानुसार २०२३ मध्ये तिथे भूसुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे १,००३ जण मृत किंवा जखमी झाल्याची नोंद आहे. त्या वर्षी हा आकडा जगात सर्वाधिक होता. जगभरातील अशा बळींपैकी बहुसंख्य सामान्य नागरिक असतात. शेतावर, सरपणाला किंवा सोडून आलेल्या घराकडे परतताना त्यांचा पाय सुरुंगावर पडतो.

शरीराला नेमकी कोणती इजा होते?

स्फोटाचा दाब माती, चपलेचे तुकडे आणि हाडांच्या कपच्या स्नायूंमध्ये वरपर्यंत ढकलतो. त्यामुळे बाहेरून दिसते त्यापेक्षा आतली जखम मोठी असते आणि पाय बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा वरून कापावा लागतो. अशा जखमेला लगेच टाके घालत नाहीत. मृत भाग काढून ती उघडी ठेवतात आणि काही दिवसांनी, स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावरच बंद करतात. सोबत रक्त, प्रतिजैविके आणि धनुर्वाताची लस लागते.

खरा धोका कुठे आहे?

यातले बरेचसे उपचार डॉक्टरांना नवे नाहीत. पण म्यानमारमध्ये रुग्णालयांवर हल्ले झाले आहेत, औषधांच्या वाहतुकीवर बंधने आहेत आणि जखमींना डोंगरवाटांनी वाहून न्यावे लागते. रक्तस्राव मात्र काही मिनिटांतच जीव घेऊ शकतो. म्हणून वाचू शकणारी माणसेही वाटेतच दगावतात.

जे वाचतात त्यांचा उपचार संपत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचा कृत्रिम पाय वारंवार बदलावा लागतो. कापलेले हाड वाढून त्वचेला टोचू लागले, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. युद्ध थांबले तरी सुरुंग जमिनीत राहतात. कंबोडियातील युद्ध १९९० च्या दशकात संपले, पण तिथे त्यानंतरही अनेक वर्षे लोक जखमी होत राहिले.

भूसुरुंगांवर बंदी घालणारा करार १९९९ मध्ये लागू झाला. म्यानमार त्यात सहभागी नाही.

आपल्यासाठी लक्षात ठेवण्यासारखे

अपघात कोणताही असो, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्या, तो मध्येच सोडू नका आणि तातडीने १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत हा दाबच जीव वाचवू शकतो.