इलेक्ट्रॉन वळतो तेव्हा प्रकाश सांडतो

आमच्या वॉर्डात सेफ्ट्रायॅक्सोनचे इंजेक्शन रोजचेच. न्यूमोनियात ते अनेकदा छान गुण देते. क्षयरोगात मात्र ते कामाला येत नाही. याचे एक मोठे कारण म्हणजे क्षयाच्या जंतूजवळचे बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम. ते औषधाचा रेणूच तोडून टाकते. ही तोडफोड अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरवर टप्प्याटप्प्याने टिपली गेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या युरोपीय लेसरवर, सल्बॅक्टम याच एन्झाइमला कसे अडवते, तेही पाहिले गेले.

हे कसे जमते? इलेक्ट्रॉन सरळ, एकसारख्या वेगाने जात असेल तर प्रकाश देत नाही. चुंबकाने त्याला वळवले, की तो थोडी ऊर्जा प्रकाशरूपात सांडतो. इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचला असेल, तर हा प्रकाश मोटारीच्या दिव्यासारखा समोर, अरुंद झोतात पडतो. १९४७ मध्ये अमेरिकेतील एका सिंक्रोट्रॉन यंत्रात तो प्रथम डोळ्यांना दिसला, म्हणून हे नाव. यंत्र चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ती ऊर्जेची गळती होती. आज त्याच गळतीसाठी खास यंत्रे उभारली जातात. २०२० मध्ये कोविडच्या विषाणूतील मुख्य प्रोटिएजची रचना शांघायच्या सिंक्रोट्रॉनवर उलगडली. पॅक्सलोविडमधील मुख्य औषध याच प्रोटिएजला रोखते.

लेसरमध्ये त्यापुढची पायरी आहे. अणूंच्या बंधनातून मोकळे झालेले इलेक्ट्रॉन, उलटसुलट ध्रुवांच्या चुंबकांच्या लांब रांगेतून नागमोडी धावतात. लेझीम पथकात जो तो आपापल्या मनाने वाजवू लागला तर नुसता गलका होतो. ताल जुळला की एकच ठोका घुमतो. इथे इलेक्ट्रॉनांना ताल लावतो तो त्यांचाच प्रकाश. ते पातळ थरांत विभागले जातात आणि एकदम उजळतात. एक्स-रेचा हा स्पंद काही फेम्टोसेकंदांचा असतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग. नमुन्याचा स्फटिक या माऱ्याने नष्ट होतो, पण त्याआधी त्याची प्रतिमा मिळालेली असते. स्टॅनफर्डचे यंत्र पूर्वी सेकंदाला १२० स्पंद देई. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सुधारित यंत्राची क्षमता सेकंदाला दहा लाखांपर्यंत आहे.

आपल्याकडे इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहेत. इंडस-२ वर प्रथिनांच्या रचनाही अभ्यासता येतात. एक्स-रे देणारा मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर मात्र देशात नाही.

रचना कळली म्हणजे औषध मिळाले, असे नाही. मधे अनेक वर्षांच्या चाचण्या असतात. पण जंतू औषध कसे मोडतो हे न पाहता नवे औषध शोधणे म्हणजे अंधारात चाचपडणे. जगातले सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. आमच्या वॉर्डातल्या जंतूंचे हे चित्रण कायम परदेशातच व्हावे का? इंदूरचे झोत वैद्यकीय संशोधनासाठी अधिक वापरणे आणि त्यासाठी तरुण डॉक्टर-शास्त्रज्ञ तयार करणे, एवढे तरी आज आपल्या हातात आहे.