आधी पाणी वळवा
पावसाळ्यात आतकरवाडीहून सिंहगड चढताना चिखल चुकवायला जो तो कडेच्या गवतावरून जातो. गवत मरतं, वाट रुंदावते नि चिखलही. म्हणून श्रमदानाला येणाऱ्यांनी घमेल्यानं मुरूम ओतण्याआधी पाणी कुठून येतं ते बघावं. वाटेला आडवा, जरा तिरका चर काढून ते उताराला लावलं की अर्धं काम झालं. पायरीचा दगडही नुसता टेकवून भागत नाही. पहारीनं खड्डा करून निम्म्याहून जास्त गाडावा लागतो, नाहीतर पावलांखाली डुगडुगत सुटतो. पायरी रचायला हौशी हात भरपूर मिळतात (फोटो छान येतो ना!), पण ऐन श्रावणात पाचोळ्यानं बुजलेला चर उपसायला बोलावलं, की सगळ्यांच्या घरी नेमके पाहुणे आलेले असतात.