बाजार कुठे करावा? जिन्नस पाहून ठरवावा

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या पट्ट्यात खान्देशी घरांची दाट वस्ती आहे. मागावर, प्रोसेस हाऊसमध्ये, साड्यांच्या कामात राबणारी ही घरं आठवड्याच्या सुट्टीला पिशव्या घेऊन बाहेर पडतात, तेव्हा दोन मतांपैकी एक त्यांच्या कानावर हमखास पडतं. पहिलं मत असं: सगळा बाजार मोठ्या दुकानातच करावा, तिथे स्वस्त पडतं, पक्कं बिल मिळतं, माल स्वच्छ असतो आणि एका फेरीत काम होतं. दुसरं मत याच्या अगदी उलट: सगळा बाजार आपल्या गल्लीतल्या वाण्याकडेच करावा, कारण तो आपला माणूस आहे, अडीनडीला तोच उधार देतो. दोन्ही मतं दुकान आधी ठरवतात आणि यादी मग करतात. माझं म्हणणं असं की क्रम उलटा हवा. यादीतला एकेक जिन्नस पाहून दुकान ठरवलं, तरच घरचा पैसा वाचतो.

आधी पहिलं मत पाहू. त्यात खरं आहे ते आधी मान्य केलं पाहिजे. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईतल्या पवईत डीमार्ट या साखळीचं पहिलं दुकान काढलं. कमी नफ्यावर भरपूर माल काढायचा, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भावात सवलत घ्यायची, ही तिथली रीत. त्यामुळे साबण, कपडे धुण्याची पावडर, टूथपेस्ट, बंद पिशवीतलं तेल अशा छापील किमतीच्या वस्तू तिथे खरोखर कमी भावात मिळतात. हे नाकारणारा ग्राहक स्वतःचंच नुकसान करतो.

पण ‘या वस्तू स्वस्त’ यावरून ‘सगळा बाजार स्वस्त’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं. समजा, एका घराचा आठवड्याचा बाजार १,८०० रुपयांचा आहे आणि त्यात बंद पाकिटांचा वाटा निम्मा, म्हणजे ९०० रुपये. त्यावर १० टक्के सूट मिळाली तर ९० रुपये वाचले. नवरा-बायकोच्या रिक्षाच्या जाण्यायेण्याला ८० रुपये गेले, तर हातात १० उरले. त्यात पोरांनी उचललेला, यादीत नसलेला ६० रुपयांचा एक पुडा आला की १० रुपयांची बचत ५० रुपयांच्या तोट्यात गेली. आकडे प्रत्येक घराचे वेगळे असतील, पण बेरीज-वजाबाकी हीच आहे. बिलाच्या तळाशी ‘तुमची बचत’ छापलेली असते. रिक्षाचं भाडं आणि यादीबाहेरचा पुडा मात्र तिथे कोणी छापत नाही.

यादी वाढते हाही योगायोग नाही. ग्राहकाने स्वतः हाताने माल उचलायचा, ही पद्धत क्लॅरेन्स सॉण्डर्स याने १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ या दुकानात रूढ केली. तिथे फिरत्या फाटकातून आत गेलेल्या माणसाला सगळ्या फळ्यांसमोरून फिरल्याशिवाय गल्ल्यापर्यंत पोचताच येत नसे. शंभराहून अधिक वर्षं झाली, मांडणीमागचा विचार तोच आहे. वाण्याच्या फळीपुढे उभं राहून आपण ‘पावशेर मोहरी द्या’ म्हणतो, तेव्हा मोहरीच मिळते. मोठ्या दुकानात मोहरीपर्यंतची वाट बिस्किटांवरून जाते.

आता पाकिटाचाच भाव घ्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या डाळ, तांदूळ, पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. तोच जिन्नस सुटा घेतला तर हा कर नाही. म्हणजे तूरडाळीचं चकचकीत पाकीट घेणारा भरण्याचे, बांधण्याचे आणि कराचे पैसे भरतो, वर जाहिरातीचेही भरतो. सुट्या डाळीत खडा निघेल, हे खरं. पण निवडायला सूप आहे, आणि डाळ हातात घेऊन दाण्याचा रंग पाहता येतो.

पक्कं बिल मिळतं म्हणजे फसवणूक नाही, हा आणखी एक समज. बिल चांगलंच, ते मागावंच. पण बिल किंमत सांगतं, किफायत सांगत नाही. कंपन्या पाच-दहा रुपयांच्या पुड्याची किंमत तशीच ठेवून आतले ग्रॅम कमी करतात. वजन-मापाच्या नियमांत आता दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव पाकिटावर छापण्याची अट आली. ती बारीक ओळ किती जण वाचतात? तेलाच्या डब्यात तर ही चूक महागात पडते. गुजरातेत शेंगदाणा तेलाचा भाव डब्यावर बोलला जातो आणि घरोघर हंगामात डबा भरण्याची पद्धत आहे. पण एक डबा १५ किलोचा असतो आणि दुसरा १५ लिटरचा. लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोंहून किंचितच जास्त तेल असतं, जवळजवळ दीड किलो कमी. दोन दुकानांच्या डब्यांचा भाव ताडून पाहणाऱ्याने हे न पाहता ‘तिकडे स्वस्त’ म्हटलं, तर दोष दुकानाचा नाही.

स्वच्छतेच्या मुद्द्यावर सुरतकराने तरी जपून बोलावं. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगने हे शहर रिकामं होताना देशाने पाहिलं. १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवलं, कचरा उचलला, घाणेरड्या खाद्यगृहांवर कारवाई केली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसोबत देशात पहिली आली. या सगळ्यात लारी (हातगाड्या) आणि बाजार शहरातून नाहीसे झाले नाहीत. स्वच्छता नियम पाळून आणि पाळायला लावून येते. वातानुकूलित दालनात ठेवलेली मेथी तेवढ्याने ताजी ठरत नाही.

उलट भाजीच्या बाबतीत गल्लीचं पारडं उघडच जड आहे. पुणा-कुंभारिया रस्त्यावरच्या बाजार समितीच्या आवारात माल उतरतो आणि लारीवाला तो सकाळी वस्तीत आणतो. लारीवाल्याला शीतपेटी परवडत नाही, म्हणून त्याला त्याच दिवशी माल संपवावा लागतो. संध्याकाळी भाव उतरतो तो याच कारणाने. आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्या घरात चौथ्या दिवशी कोथिंबीर काळी पडते, ते पैसे कोणत्या बचतीत धरायचे? दोन-दोन दिवसांची भाजी दारात घ्यावी आणि वांगी उलटीपालटी करून, देठ पाहून घ्यावीत.

काही मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपचा पंथ पहिल्याच मताची धाकटी पाती आहे. आजारी माणसाच्या घरात, एकट्या म्हाताऱ्याच्या घरात त्या सोयीचं मोल आहेच. पण रोजच्या बाजाराला ती लावली की संपलेल्या प्रत्येक वस्तूची वेगळी मागणी जाते, प्रत्येक मागणीवर हाताळणीचा आकार चढतो आणि यादी करण्याची सवयच मोडते.

आता दुसरं मत. पहिलं खोडलं म्हणजे हे आपोआप सिद्ध झालं असं होत नाही. ‘आपला माणूस’ म्हणून बाजार करणाऱ्यांनी त्याची किंमत कधी मोजलेली नसते. २०२० च्या टाळेबंदीत माग बंद पडले तेव्हा वहीवर मिळणाऱ्या पिठामुळे कित्येक चुली पेटत्या राहिल्या, हे उपकार कोणी विसरू नये. पण अडचणीतली उधारी वेगळी आणि बारमाही खातं वेगळं. खात्यावर व्याज लिहिलेलं नसतं, तरी ते भावात असतं. ज्याच्या नावावर तीन हजार थकले आहेत त्याला घासाघीस करता येत नाही, वजन पुन्हा करा म्हणता येत नाही, आणि पगार हातात आल्यावरही पलीकडच्या दुकानात जाण्याची चोरी होते. खातं म्हणजे पायातली सैल दोरी आहे; चालता येतं, पण ती जाईल तेवढंच.

सुटा माल म्हणजे अस्सल माल, हीही भाबडी समजूत. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, हजारो लोक आजारी पडले आणि ६० च्या आसपास माणसं दगावली. सुटं खाद्यतेल विकण्यावर कायद्याने बंधन आहे ते अशाच अनुभवांतून. डाळ सुटी घ्यावी, तेल मात्र सीलबंदच घ्यावं. दळलेली हळद-तिखट सुटं घेण्यापेक्षा आख्खी मिरची आणि हळकुंड घेऊन कांडपावर न्यावं. हे ठरवताना वाणी आपला की परका, हा प्रश्नच येत नाही.

मग बाजार करावा कुठे? माझं उत्तर चार वाट्यांचं आहे.

पहिला वाटा वर्षाच्या धान्याचा. खान्देशी घराला दादर ज्वारी, कळण्यासाठी उडीद, बिबडे आणि काळा मसाला लागतो. हे मोठ्या दुकानाच्या फळीवर सहसा नसतं, आणि असलं तरी गावच्या भावात नसतं. उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणारी ताप्ती लाइन या घरांना इथे घेऊन आली. तीच लाइन उन्हाळ्यात धान्य आणते. हंगामात एकदा घेऊन, ऊन देऊन, एरंडेल लावून ठेवलेलं धान्य दर आठवड्याच्या पाच किलोंपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरा वाटा रेशनचा. ‘कार्ड गावचं, इथे काय उपयोग?’ हे वाक्य अजून ऐकू येतं आणि ते साफ चुकीचं आहे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याचा प्रारंभ झाला तो दोन जोड्यांपासून, आणि त्यातली एक जोडी महाराष्ट्र-गुजरात हीच होती. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आधार जोडलेलं असेल तर सुरतेतल्या रास्त भाव दुकानात अंगठा लावून काही धान्य इथे आणि उरलेलं गावी घेता येतं. कोणत्याही दुकानाची सूट या वाट्याच्या जवळपास येत नाही.

तिसरा वाटा छापील किमतीच्या वस्तूंचा. साबण, तेल, चहा, साखर यांची खरेदी महिन्यातून एकदा, लिहिलेली यादी घेऊन मोठ्या दुकानात करावी. दर आठवड्याला तिथे जाण्याचं कारण नाही.

चौथा वाटा नाशवंत, सुट्या आणि हंगामी मालाचा. खरा आठवड्याचा बाजार हाच, आणि तो गल्लीतल्या वाण्याला, लारीला, आठवडी बाजाराला द्यावा, रोखीने. भाजी, सुटी डाळ, अंडी, सुरती पापडी, जांभळा कंद यांचा ताजेपणा आणि भाव तिथेच पाहता येतो. हिवाळ्यात तापीकाठी अडाजणकडे पोंक मिळतो. आपल्याकडच्या हुरड्याचाच तो सुरती भाऊ, आणि तो पाकिटात भरून चार दिवस टिकत नाही.

या चार वाट्यांवर एक पायरी आणखी चढता येते. १८४४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेल गावात २८ जणांनी एकत्र येऊन दुकान काढलं. त्यांच्यात विणकर बरेच होते. पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल. नियम कडक होते: भेसळ नाही, वजनात खोट नाही, उधारी नाही, नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. आपल्याकडे १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात कामगारवस्तीत अपना बाजार उभा राहिला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच टाळलं: शेजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी आधी नोंदवतात, माल एकत्र घाऊक घेतला जातो आणि वाटून दिला जातो. यावर आक्षेप येतो की सहकारी भांडारं बुडतात. न खपलेला माल आणि न फिटलेली उधारी साठली की कोणतंही भांडार बुडेल. मागणी आधी आणि खरेदी नंतर असेल, तर साठण्यासारखं काही उरतच नाही.

सुरत विणकरांचंच शहर आहे. डिंडोलीतल्या एका सोसायटीतली दहा-बारा घरं महिन्याची डाळ, तांदूळ आणि तेलाचे डबे मिळून घाऊक बाजारातून आणू शकतात. त्याला इमारत लागत नाही, संस्था नोंदवावी लागत नाही. एक वही, एक टेम्पो आणि हिशेब ठेवणाऱ्या दोन बायका पुरतात.

तेव्हा पुढच्या सुट्टीला कुठे जायचं हे ठरवण्याआधी कागद घ्या, यादीचे चार वाटे पाडा आणि प्रत्येक वस्तूपुढे किलोचा भाव लिहा. जिथे भाव आणि माल दोन्ही पटतील तिथे रोख देऊन घ्या, आणि जुनं खातं असेल तर ते आधी फेडा.