पवत, पवर्त, पर्वत

जूनमध्ये शाळेच्या श्रुतलेखनात माझ्या मुलीने 'पवत' लिहिलं. फेब्रुवारीत तोच शब्द तिने 'पवर्त' असा लिहिला. दोन्ही वेळा शब्दाभोवती लाल गोल पडला आणि एक गुण गेला. जूनमध्ये दहापैकी तीन होते, फेब्रुवारीतही तीनच. वर्षअखेरीला प्रगतिपुस्तकात शेरा आला की लेखनात प्रगती नाही.

माझं भांडण या शेऱ्याशी आहे. तो लिहिणाऱ्या बाईंशी नाही, त्यांच्या वर्गात पंचेचाळीस मुलं आहेत.

'पवत' लिहिणाऱ्या मुलीला मधला र ऐकूच आलेला नसतो, किंवा आला तरी तो कागदापर्यंत पोचत नाही. 'पवर्त' लिहिणाऱ्या मुलीने तो ऐकलेला आहे. तो अर्धा आहे हे तिने ओळखलं आहे. असा र ओळीत बसत नाही, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, हेही तिला कळलं आहे. फक्त तो एक घर पुढे जाऊन चढला. या दोन चुकांच्या मध्ये आठ महिने आहेत, रोजचा अर्धा तास आहे, पाटीवरच्या वाळूत बोटाने गिरवलेली अक्षरं आहेत आणि दोनदा भिंतीवर फेकलेली वही आहे. हा विजय आहे. लहान आहे, पण पुरता विजय आहे. आणि तो मोजायला आपल्याकडे एकही रकाना नाही.

आम्ही वडोदऱ्यात राहतो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, हिंदी आणि गुजराती. मुलगी अकरा वर्षांची आहे, आठव्या वर्षी तिला डिस्लेक्सिया असल्याचं निदान झालं. मी भाषांतरकार. तौलनिक साहित्य शिकले, तीन लिप्यांत वाचते, आणि तरीही स्वतःच्या मुलीला र का सापडत नाही हे कळायला मला दोन वर्षं लागली. कारण मी र कडे कधी पाहिलंच नव्हतं. जरा पाहा. 'राजा'तला र सरळ उभा आहे. 'पर्वत'मधला डोक्यावर बसतो, 'प्रकाश'मधला पोटात तिरकी रेघ होतो, 'ट्रक'मधला पायाखाली काकपद होतो, आणि 'वाऱ्यावर'मधला एखाद्या पापणीच्या केसासारखा चिकटतो. आवाज एक, सोंगं पाच. ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात व्यंजनाच्या नंतर येते आणि कागदावर आधी. आपली लिपी जशी बोलावी तशी लिहिली जाते, असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी 'स्थिती' हा शब्द एकदा तुकडे करून लिहून बघावा.

त्यात लिपी एक आणि भाषा दोन. आजीने शिकवलेलं 'कवी' तिने हिंदीच्या वहीत लिहिलं, ते चूक ठरलं. हिंदीच्या बाईंनी शिकवलेलं 'कवि' तिने आजीला दाखवलं, तेही चूक ठरलं. दोघी आपापल्या जागी बरोबर आहेत. मराठीत शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा नियम शासनाने १९६२ साली मान्य केला. त्याआधीच्या मराठी पुस्तकांत 'कवि'च आहे. म्हणजे त्या काळातल्या एखाद्या थोर लेखकाला आजच्या वर्गात बसवलं तर त्याचेही गुण जातील. पण थोर लेखकाचं ते जुनं वळण ठरतं आणि अकरा वर्षांच्या मुलीचा तो निष्काळजीपणा.

इथे मला आपल्या मराठीच्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. हिंदीत ज्याला 'वर्तनी' म्हणतात, गुजरातीत 'जोडणी', बंगालीत 'बानान', त्याला आपण म्हणतो 'शुद्धलेखन'. गुजरातीचा शब्द सुताराच्या कामासारखा आहे, की भाग जोडले, निसटले, पुन्हा जोडा. आपला शब्द थेट सोवळ्यात उभा आहे. जे जमलं नाही ते अपूर्ण किंवा सैल ठरत नाही, अशुद्ध ठरतं. आणि अशुद्ध म्हटलं की त्यात आणखी प्रती उरत नाहीत. विटाळ थोडा झाला काय आणि फार झाला काय, सारखाच. 'पवत' अशुद्ध, 'पवर्त'ही अशुद्ध, विषय संपला. 'प्रमाणलेखन' हा बरा शब्द आता वापरात येतो आहे, पण तो अजून व्याकरणाच्या पुस्तकांत आहे, शिक्षकांच्या खोलीत पोचलेला नाही. साहित्याच्या वर्तुळातही नाही. कोणाच्या पत्रातली वेलांटी चुकली की त्याच्यावर संस्कार नाहीत असं म्हणून हसणारे सगळे माझ्याच व्यवसायातले लोक आहेत. मीही हसलेली आहे.

आता कोणी म्हणेल, दिवस बदलले आहेत, शाळा हल्ली या मुलांचं खूप कौतुक करतात. करतात. त्याचाही अनुभव घेतला. मागच्या वर्षी प्रार्थनेच्या वेळी तिला सहा ओळी वाचायला उभं केलं. तिने त्या वाचल्या. टाळ्या वाचनापेक्षा जास्त वेळ चालल्या, एक चमकीचं प्रमाणपत्रही मिळालं. घरी येऊन तिने ते दप्तरातून काढलंच नाही. रात्री विचारलं, "आई, बाकीच्यांनी वाचल्यावर टाळ्या का नाही वाजवत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर तिला ठाऊक होतं. त्या टाळ्यांचा अर्थ होता, तुझ्याकडून आमची एवढीही अपेक्षा नव्हती. शिवाय त्या सहा ओळी तिला पाठ होत्या. चार दिवस आजीने म्हणून घेतल्या होत्या. तिने वाचलेलं नव्हतंच आणि हे सभागृहात फक्त तिलाच माहीत होतं. ज्या दिवशी 'पवर्त' लिहिलं, त्या दिवशी मात्र लाल गोल मिळाला. खोट्या विजयाला प्रमाणपत्र आणि खऱ्याला शून्य, असा हिशेब मूल एकदा शिकलं की ते मोठ्यांच्या कौतुकावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. आणि तिचं बरोबर असतं.

टाळी स्वस्त आहे. त्यासाठी वहीत बघावं लागत नाही.

मोठ्या समाजात याच टाळीची मोठी आवृत्ती चालते. दरवर्षी निकालाच्या सुमारास अमुक अक्षमतेवर 'मात करून' तमुक टक्के मिळवल्याच्या बातम्या येतात. त्या मुलांचं मला मनापासून कौतुक आहे. पण 'मात' हा शब्द पाहा. डिस्लेक्सिया बरा होत नाही. मूल त्याच्यासोबत वाट काढायला शिकतं. मात केलेल्याची बातमी होते, तेव्हा न केलेल्या हजारोंना आपण हरलेले ठरवतो. २००७ साली आलेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाचे उपकार मी विसरणार नाही. डिस्लेक्सिया हा शब्द त्याने मध्यमवर्गाच्या घराघरात नेला. पण शेवटी त्या मुलालाही चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला नंबर काढावाच लागतो. चित्र बरं काढलं आणि नंबर आला नाही, असा शेवट आपल्याला सोसला असता का? ज्याला वाचता येत नाही त्याच्यात दुसरं काही अलौकिक असलंच पाहिजे, अशी आपली अट आहे. अलौकिक काही नसलेल्या, नुसत्या साध्या मुलाने कुठे जायचं?

मग थोरामोठ्यांची यादी येते. आइन्स्टाइनचं नाव हमखास निघतं, ज्याच्या डिस्लेक्सियाचा धड पुरावा नाही. वडोदऱ्यात आम्हाला आणखी एक नाव ऐकवलं जातं. सयाजीराव महाराज बाराव्या वर्षी दत्तक आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि पुढे बघा! बघते ना. कवळाण्याच्या त्या मुलाला तोवर कोणी शिकवलं नव्हतं, हा त्यातला मुद्दा आहे. शिकवल्यावर तो झपाट्याने शिकला. माझ्या मुलीला तीन वर्षांपासून शिकवतोच आहोत. न शिकवलेलं मूल आणि वेगळ्या रीतीने शिकणारं मूल यांतला फरक ज्यांना करायचा नसतो, ते अशी उदाहरणं देतात. महाराजांकडून घ्यायचं असेल तर हे घ्यावं, की १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा ते हुशार मुलांपुरतं केलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला एकवीस प्रकारांत स्थान दिलं. १९९५च्या कायद्यात ती नव्हती. महाराष्ट्राच्या मंडळाने त्याच्याही कितीतरी आधी सवलती सुरू केल्या होत्या. जास्तीचा वेळ, लेखनिक, स्पेलिंगच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट. हे पालकांनी आणि डॉक्टरांनी खेटे घालून मिळवलेले हक्क आहेत. ज्याला गरज आहे त्याने ते ताठ मानेने घ्यावेत. आम्हीही जास्तीचा वेळ घेतो.

पण 'दुर्लक्ष' या शब्दापाशी मी अडखळते. एरवी चुकीचे गुण कापायचे आणि सवलत दिली की चुकीकडे पाहायचंच नाही. दोन्हीकडे चूक वाचणारा कोणी नाही. परीक्षेत दुर्लक्ष करा, जरूर करा. वर्षभर मात तीच चूक भिंगातून पाहायला हवी, कारण मूल कुठवर आलं याचा नकाशा तिच्यातच असतो.

भाषेच्या सुटीबद्दलही बोलायला हवं. मुलाला ओझं झालं की कमी करण्याच्या यादीत पहिली कोण येते? इंग्रजी कधीच नाही. शाळेत मराठी, गुजराती, कन्नड, जी कोणती असेल ती सुटते. आम्हाला एका समुपदेशकांनी तर सुचवलं की घरातही मराठी बंद करा, सगळं इंग्रजीतच बोला, गोंधळ कमी होईल. अनेक भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. मूल एकच भाषा बोललं तरी तो असतोच. आम्ही सल्ला मानला असता तर र सापडला नसता ते वेगळंच, वर आजीही गेली असती. जी मुलगी पानावर अडखळते तिचं सगळं वैभव कानात आणि जिभेवर असतं. माझी मुलगी आजीकडून ऐकलेली म्हण बरोबर जागी टाकते, गुजराती शेजारणीशी भावाची घासाघीस करते, आणि एका भाषेतला विनोद दुसरीत चालणार नाही हे तिला माझ्याआधी कळतं. त्याचेही रकाने नाहीत.

मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा भाषांत डिस्लेक्सियाच्या चाचण्या तयार केल्या, कारण इंग्रजीत अडखळणारं मूल अक्षमतेमुळे अडखळतं की इंग्रजीमुळे, हे इंग्रजीतून कळत नाही. एवढी साधी गोष्ट. तरी आमच्यासारख्या कित्येक पालकांच्या हातात आजही फक्त इंग्रजी चाचणीचा अहवाल असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की चुकीचं कौतुक केलं तर भाषा बिघडेल. अहो, 'पवर्त' चूकच आहे. माझ्या छापून येणाऱ्या पानावर मी एक रफार सोडत नाही. पण पहिल्या खर्ड्यावर कोणी माझ्या चुका मोजून शेरा मारला नाही, म्हणून मी दुसरा लिहिला. मी कौतुक मागतच नाही, मी वाचन मागते आहे. गोल काढण्याऐवजी त्याच लाल पेनाने बाजूला लिहा की र सापडला, एक घर मागे ने. सहा शब्द. पंचेचाळीस मुलांच्या वर्गात रोज जमणार नाही, आठवड्यातून एकदा जमेल. आणि प्रगतिपुस्तकात एक रकाना असा ठेवा, ज्यात मुलाची तुलना त्याच्याच जूनमधल्या वहीशी होईल.

आमच्या घरी सासूबाई हे करतात. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, सुरुवातीला त्यांचंही पेन लालच होतं. निदानाच्या कागदावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, पोरगी आळशी आहे असंच म्हणत. 'पवर्त' पाहून मात्र त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, हिला ऐकू यायला लागलं."

मागच्या आठवड्यात त्या देवळात गेल्या होत्या, मी कामात होते. ओट्याजवळ त्यांनी चिठ्ठी चिकटवून ठेवली होती, 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.' अर्थात माझ्यासाठी. जोडाक्षरांवर जोडाक्षरं. मी विसरले. कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मी डोकावले तेव्हा मुलगी चिठ्ठीसमोर उभी होती, बोट अजून 'शिट्ट्या'वर होतं. मी टाळी वाजवली नाही. विचारलं, "तीन झाल्या का?"

"झाल्या," ती म्हणाली. "आजीने ट्ट्या कसला लिहिलाय, बघ."